काशिनाथ सर जे म्हणाले नव्हते

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या वर्गाच्या स्मरणिकेत मी सरांवर दोन पाने लिहिली होती. त्यांत एक वाक्य असे होते : "सर सांगतात, वर्म गिअर असला की वेगळा ब्रेक लागत नाही, वर्म कधी उलटा फिरत नाही." हे वाक्य चूक आहे, आणि ते सरांचे नाही. सरांनी ते वर्गात किंवा वर्गाबाहेर कधीही म्हटलेले नाही. ते आमच्या घरातले वाक्य आहे. मी ते लहानपणापासून ऐकत आले आणि लिहिताना न विचारता सरांच्या तोंडी घातले. या गौरवग्रंथासाठी दिलेल्या माझ्या पहिल्या लेखातही ते होते, म्हणून तो लेख मी संपादकांकडून परत मागून घेतला. त्याच्या जागी हा. ज्यांच्याकडे जुनी स्मरणिका असेल, त्यांनी कृपा करून त्या वाक्यावर काट मारावी.

श्री. काशिनाथ भोपी यांना मी पहिल्यांदा पाहिले त्याला सहा वर्षे झाली. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. बदलापूरला, मांजर्लीतल्या आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सर दर रविवारी यंत्रांचा वर्ग घेत, आजही घेतात. त्या दिवशी मधोमध एक सायकल उलटी उभी केली होती.

"पेडलचा एक फेरा, मागच्या चाकाचे किती?" सरांनी विचारले.

मी लगेच हात वर केला. "पुढे अठ्ठेचाळीस दाते, मागे अठरा. दोन फेरे आणि वर दोन तृतीयांश."

"फिरव आन् बघ."

मी फिरवले. चाकाचे अडीच फेरेसुद्धा पुरे झाले नाहीत.

"दाते कोणी मोजले?"

"मोजले नाहीत सर. बाबा म्हणतात, अठ्ठेचाळीस असतात."

"बाबा आलेत काय हितं?" सगळे हसले. "मग त्यांना घरी ऱ्हाऊ दे. सायकल समोर हाय, तिला विचार."

मोजले तेव्हा चव्वेचाळीस निघाले.

बाबांचे नाव घेतले म्हणून मला तेव्हा राग आला होता. माझी पहिली शाळा बाबांचे उल्हासनगरातले वर्कशॉप. अक्षरे गिरवण्याआधी मी पुल्या ओळखायला शिकले. "लहान पुली मोठीला फिरवते तेव्हा वेग हरतो आणि जोर जिंकतो," असे बाबा सांगत, आणि ते खरे आहे. वर्म गिअरही त्यांनीच दाखवला : मोठ्या स्क्रूसारखा एक दांडा, त्याच्या आट्यांत बसलेले गनमेटलचे दातेरी चाक. दांडा भरभर फिरतो, चाक संथ फिरते, आणि जोर कितीतरी पटींनी वाढतो. उलट चाकाला ढकलून पाहा, दांडा हलत नाही. बाबा मला चाक ढकलायला लावत. ते हलत नसे. मग ते म्हणत, "बघ, वर्म उलटा फिरत नाही." मी स्वतः ढकलून पाहिलेले असल्यामुळे मला शंका कधी आलीच नाही.

सरांचे काम तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बारवीकडच्या एका पाड्यावरून आलेले सर अंबरनाथ एमआयडीसीत तीस वर्षे मेंटेनन्स फिटर होते. कोणतेही यंत्र दुरुस्त झाले की बटण दाबण्याआधी ते हाताने एक पूर्ण फेरा फिरवतात. आम्ही त्यांचे विद्यार्थी या एकाच सवयीवरून एकमेकांना ओळखतो. मांजर्लीत पुराचे पाणी आले त्या वर्षी सर आठ दिवस लोकांच्या शिलाई मशिनी उघडून बसले होते. मी रॉकेल आणि चिंध्या घेऊन सोबत होते. एका आजींना धीर निघेना.

"मास्तर, मोटार लावून बघा ना एकदा. किती वेळ चाक कुरवाळताय? लग्न लावायचंय काय तिच्याशी?"

"आजी, आत माती हाय. मोटारीला कळत नाय, हाताला कळतं."

त्या आठ दिवसांत एकही मशीन सरांनी घाईने चालू केली नाही, आणि एकही परत बिघडून आली नाही.

आता परवाच्या सोमवारबद्दल.

सरांच्या पंचाहत्तरीच्या सत्काराची पत्रिका द्यायला मीच जाणार होते. पण सरांचे पाय वर्कशॉपला लागावेत अशी बाबांची इच्छा, म्हणून सर स्वतः आले. आमच्याकडे माळ्यावर माल चढवायला बाबांनी बनवलेली लिफ्ट आहे : मोटार, वर्म गिअरबॉक्स, दोर, लोखंडी पाळणा. त्या दिवशी पाळण्यात लोखंडाचे जड कास्टिंग भरलेले होते आणि तो डोक्याच्या वर, अर्ध्यात थांबवला होता. तिथे खाली पंख्याचा वारा चांगला लागतो, म्हणून बाबांनी सरांची खुर्ची नेमकी त्याच्याखाली मांडली. मी ती फडक्याने पुसली.

सर बसले नाहीत. वर पाहून म्हणाले, "ब्रेक कुठाय?"

बाबा हसले. "वर्म आहे ना सर! उलटा फिरत नाही. तुमचंच वाक्य. पोरीनं छापलंय की!"

सरांनी माझ्याकडे पाहिले. "खुर्ची घे गो बाजूला," एवढेच म्हणाले. मग खिशातून खडू काढला आणि मोटार आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कपलिंगवरून शेजारच्या न हलणाऱ्या पट्टीवर जाईल अशी एक सरळ रेघ ओढली. "चहा मागवा."

मोटार बंद होती. शेजारच्या लछमनशेठच्या गाळ्यात पॉवर प्रेस धडधडत होता. आमच्या भिंतीला तो दिवसभर हादरे देत असतो, सवयीने आता आम्हाला ऐकूही येत नाही. चहा आला, पिऊन झाला. सर म्हणाले, "आता बघा."

रेघ तुटली होती. कपलिंगवरचा तुकडा बोटभर खाली सरकला होता.

"मोटार बंद आहे ना गं?" बाबांनी विचारले. त्यांनी स्वतः जाऊन फ्यूज काढला, तो मुठीत धरला, आणि सरांकडून खडू घेऊन नवी रेघ ओढली. आम्ही तिघे तिच्याकडे पाहत उभे राहिलो. या वेळी ती आमच्या डोळ्यांदेखत सरकली.

लछमनशेठ दारात डोकावले. "क्या हुआ साईं? कोई मर गया क्या, ऐसे क्यों खडे हो?"

बाबांनी बोटाने नुसती रेघ दाखवली.

"तेल कधी बदललं?" सरांनी विचारले.

"मागच्या महिन्यात. भारीतलं टाकलं," बाबा म्हणाले.

"म्हणूनच. दाते वापरून गुळगुळीत झाले, वरनं चांगलं तेल, बाजूला प्रेसचे हादरे. त्या वर्माला घर्षणानं धरलं व्हतं. ते आपणच कमी केलं. धरून ठेवायचं काम ब्रेकचं, गिअरचं नाय. आज वर्म बोटभर सरकला. ज्या दिवशी सुटंल, त्या दिवशी पाळणा सरकणार नाय, पडंल."

फ्यूज परत लावून पाळणा आम्ही त्याच क्षणी खाली उतरवला. मग मी सरांना उरलेले सांगितले. बाबांनी अशा आणखी तीन लिफ्ट बनवून दिल्या आहेत आणि तिन्हींची ड्रॉइंग माझी आहेत. सरांचे नाव हाताशी असल्यामुळे मी त्यांत ब्रेक दाखवलाच नाही. तिन्ही ठिकाणी पाळण्याखालून माणसे ये-जा करतात.

"इतकी वर्षं काय झालं का?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता. "गावभर सांगत सुटलीस तर उद्या आपल्याला काम कोण देईल?"

"वाक्यावर नाव माझं हाय," सर म्हणाले. "मी येतो सांगायला."

पंचाहत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, सर मंगळवारी माझ्याबरोबर रिक्षाने एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांत आले. पहिल्या कारखान्यात लिफ्टशेजारच्या भिंतीवर स्मरणिकेतले माझे पान झेरॉक्स करून चिकटवले होते, त्या वाक्याखाली लाल शाईची रेघ. सरांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचले. पेन मागून घेतले, वाक्य खोडले, खाली लिहिले, "या लिफ्टला ब्रेक नाही. खाली उभे राहू नये," आणि सही केली. हे वाक्य माझे नाही, असे ते कोणालाही म्हणाले नाहीत. ते मी सांगितले. दोन्ही मालकांनी लिफ्ट तिथल्या तिथे बंद केल्या.

परतताना मला राहवले नाही. "सर, मला ओरडा तरी."

"ओरडून ब्रेक बसतो काय? किती ताकदीचा लागंल, हिशेब केलास?"

"केला."

"दोनदा?"

"तीनदा."

"मग झालं. रिक्षावाल्याला सांग, खड्डा बघून चालव."

सरांच्या चांगुलपणाच्या गोष्टी या ग्रंथात पुष्कळ असतील. माझ्याकडे ही एक आहे. आपले नाव त्यांनी माझ्या चुकीवरून पुसून घेतले नाही; ती दुरुस्त होईपर्यंत तिथेच राहू दिले.

तिसरी लिफ्ट बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या रस्त्यावर एका भातगिरणीत आहे. आज बुधवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. मालकांनी ऐकून घेतले. "शुक्रवारी गिरणी बंद असते. तोवर लिफ्टला कुलूप लावतो," ते म्हणाले. "पण शनिवारी सकाळी पोती वर चढणार, ब्रेक असो नसो. ट्रक सांगून ठेवलाय." म्हणजे माझ्या हातात एकच दिवस आहे. ब्रेक आणलेला आहे. तो बसवायच्या पट्टीला बाबांइतकी सरळ भोके मला पाडता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. बाबांना मी विचारले. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे त्यांना जिने चढू देवोत, हात आणि कान असेच तल्लख राहोत, आणि आम्ही मोजायला विसरलो की विचारायला ते पुढची पंचवीस वर्षे रविवारी पार्किंगमध्ये बसलेले असोत. हे मी आमच्या सगळ्या वर्गाच्या वतीने मागते.

सत्कार रविवारी आहे. हा ग्रंथ तुमच्या हाती येईल तेव्हा गिरणीचे काय झाले ते ठरून गेलेले असेल. सरांना मी शुक्रवारी गिरणीवर येऊ नका असे सांगितले आहे. त्या पाळण्याखाली त्यांनी उभे राहावे असे मला वाटत नाही. ब्रेक बसवायला बाबा आले तर दोघे, नाहीतर मी एकटी, परवा, शुक्रवारी, सकाळी आठ वाजता.