आष्टीच्या बगिच्यात हैदराबादचा सौदा

सकाळी साडेसहाला जामहून गाडी काढली. चौरस्त्यावर नागपूरकडून आलेले ट्रक रांगेने उभे होते, टपऱ्यांचा धूर धुक्यात मिसळत होता, आणि शेजारच्या सीटवर माझी मुलगी प्राची मोबाइल मांडीवर पालथा ठेवून बसली होती. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत तिला हैदराबादच्या एका कंपनीला हो की नाही ते कळवायचं होतं. काम सहा महिन्यांच्या कंत्राटाचं. पुढे ठेवतील याची हमी नाही. हैदराबाद नको तर पुणं होतं. तिथे नोकरी नव्हती, पण मैत्रिणीच्या खोलीत राहून शोधता आली असती. नागपूर घराजवळचं, पण तिथली सगळी दारं ती ठोठावून आली होती.

माझा एक राग आहे, तो आधीच सांगून टाकतो. प्राची कॉलेजात होती तेव्हाच पुण्याच्या एका कंपनीने तिला निवडलं होतं. पत्र आलं तेव्हा मी चौरस्त्यावर पेढे वाटले. मग रुजू होण्याची तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली, आणि शेवटी दोन ओळींची मेल आली की सध्या जागा नाहीत. चौदा महिने पोरगी घरात बसली. मी भांडून वर आलेला माणूस आहे. याच चौरस्त्यावर टोपलीतली संत्री गाड्यांच्या काचेपाशी नेऊन विकली, आज अख्खे बगीचे विकत घेतो, म्हणजे जमीन नाही, झाडांवरचं सगळं फळ. पण इथे भांडायला माणूसच सापडेना. फोन लावला की मशीन बोलायचं. पेढे खाल्लेले लोक मात्र रोज विचारायचे, "काऊन भाऊ, पोट्टी गेली नाई काय अजून?"

बगीचा पाहायला गेलेल्या व्यापाऱ्याला मालक नेहमी रस्त्याकडची ओळ दाखवतो. तिथली झाडं लगडलेली असतात, कारण पाणी, खत, नजर सगळं तिथेच पडतं. मी सरळ आत चालत जातो, कुंपणाला लागून असलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत. खरा बगीचा तिथे कळतो. शहराचंही तसंच पाहावं असं मी ठरवलं. शहरात राहणारा माणूस शहराची तारीफच करणार. तिथून परत आलेल्यांना विचारावं. माझ्या ओळखीत असे दोघे होते, एक कारंज्याला आणि एक आष्टीला. आष्टीला तसंही बगिच्याचं काम होतं.

"फोनवर विचारता येते ना बाबा," प्राची म्हणाली.

"फोनवर सारे रस्त्याकडचीच ओळ दाखवते," मी म्हटलं.

नागपूर बाहेरूनच टाकलं आणि अमरावतीच्या रस्त्याला लागलो. कोंढाळी मागे पडल्यावर टेकड्या सुरू होतात. सागाची पानं करपल्यासारखी झाली होती. उताराला कपाशी फुटलेली, पण वेचायला बाया दिसत नव्हत्या. प्राची खिडकीतून बाहेर बघत होती. मी दोनदा बोलणं काढलं, ती "हाव" एवढंच म्हणाली.

कारंज्याच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. ढाबेवाला माझं जुनं गिऱ्हाईक. त्याचा मुलगा नीलेश पुण्याहून परत येऊन आता गल्ल्यावर बसतो. तर्री पोहे मागवले (तर्री म्हणजे वरून घालायचा लाल, तेलकट, झणझणीत रस्सा). वर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. प्राचीने चमच्याने पोह्यांचा डोंगर केला आणि तसाच ठेवला.

नीलेश आमच्या बाकावर येऊन बसला. "काका, संत्रं सोडून इकडं कसे?"

"हिले शहर दाखवाचं हाय. पुणं कसं हाय, सांग."

"पुणं चांगलं हाय. मीच पुरलो नाई." तो हसला. मग प्राचीला म्हणाला, "किती झाले?"

"चौदा महिने."

"माझे एकोणीस. तू ज्युनियर हाय मले."

प्राची पहिल्यांदा हसली. माझ्याशी नाही, त्याच्याशी.

"एका मुलाखतीले गेलतो," तो सांगू लागला. "जागा नव्या पोरायसाठी. माह्या मांगं रांगेत एक जण उभा. दाढी पांढरी व्हाले लागलेली. मले वाटलं साहेब असन, म्हणून मी सर म्हटलं. तो म्हणे, सर नको म्हणू भाऊ, मी बी त्याच जागेसाठी आलो. आठ वर्षं काम करून काढून टाकलेला माणूस. आता त्याच्यासमोर माहे कागद कोण पाहीन?"

"मंग आता इथं कोणती पोस्ट?" प्राचीने विचारलं.

"रस्सा विभाग प्रमुख. बढती झाली की तंदूर भेटन."

त्याचा बाप भट्टीपाशी उभा राहून ऐकत होता. तो हसला नाही. त्याने कढईत सराटा (उलथणं) जोरात फिरवला आणि एका ट्रकवाल्याला उगीचच ओरडला. मुलाच्या शिक्षणासाठी त्याने काय काय केलं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

निघताना नीलेश प्राचीला म्हणाला, "जाचं असन तर जाय. फक्त तिथं गेल्यावर घरी खोटं सांगू नको. मी सहा महिने सांगलं की नोकरी लागली. ते एकटं वाहून न्यावं लागते."

पुणं तिथेच सुटलं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "एक कटलं." ती म्हणाली, "तो चांगला पोट्टा हाय." एवढंच.

तळेगावात टायर बसला. पंक्चरवाल्याने आत चार खिळे सापडल्याचं सांगितलं. मला एकच दिसत होता. घासाघीस झाली. शेवटी मी "राहू दे" म्हणून गाडीकडे चालू लागलो. पाचव्या पावलाला मागून हाक आली, "या भाऊ, या. कामून तापता?" (कामून म्हणजे कशाला.) माझा हा जुना हिशेब आहे. उठून चालायला लागायचं, समोरचा हाक मारतो. या चालण्यावरच मी आयुष्य उभं केलं. प्राची सावलीत उभी राहून घड्याळ पाहत होती. दोन वाजून गेले होते.

आष्टी गाव ओलांडून पुंडलिकरावांच्या बगिच्यात पोचलो तेव्हा तीन झाले होते. पुंडलिकराव माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, शांत माणूस. त्यांचा बगीचा मी सहा वर्षं घेतो आहे. झाडांखाली संत्री पडलेली होती. यंदाही गळ लागली होती (गळ म्हणजे पिकायच्या आधीच फळ देठातून सुटून पडणं). पडलेल्या फळांचा आंबूस वास सगळीकडे होता.

त्यांची सून सोनाली तीन वर्षं हैदराबादला नोकरी करून परत आलेली. एका सकाळी तिने ऑफिसच्या दाराला कार्ड लावलं, तर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. पहारेकऱ्याने आदल्या दिवशी राहिलेला तिचा डबा आणि पाण्याची बाटली आतून आणून दिली. हे तिने कोणाला शिव्या न देता सांगितलं, याचं मला नवल वाटलं. मी असतो तर दार फोडलं असतं.

"चाल, तुले बगीचा दाखवतो," ती प्राचीला म्हणाली. इकडे बायाही असं पुरुषासारखं 'दाखवतो' म्हणतात. दोघी ओळींमधून आत निघून गेल्या. बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मी पुंडलिकरावांबरोबर बाजेवर बसलो. प्राचीचा मोबाइल बगिच्यातल्या घराच्या ओसरीत चार्जिंगला लावलेला होता.

चारच्या सुमारास तो वाजला. पडद्यावर त्या कंपनीचं नाव होतं. प्राचीला हाक मारायला हवी होती. मी उचलला.

"हॅलो, प्राची मॅम?" तरुण आवाज, गोड हिंदी.

"मैं उसका बाप बोल रा."

"जी सर. मॅम का कन्फर्मेशन बाकी था, इसलिए फोन किया."

चौदा महिन्यांनी पहिल्यांदा त्या बाजूचा एक जिवंत माणूस माझ्या कानाशी होता. मी म्हटलं, "कन्फर्मेशन देंगे. पयले ये बताओ, छह महिनेच कायको? साल भर का लिख के दो."

"सर, ये हमारी पॉलिसी है."

"और पयला महिना रहने का इंतजाम तुम करो. लड़की अकेली आयेगी."

"सर, ऐसा नहीं होता."

मग माझा तोल गेला. पुण्याच्या कंपनीचं सगळं मी हैदराबादच्या पोरावर ओतलं. तारखा, पेढे, दोन ओळींची मेल. त्याचा त्यात काही संबंध नव्हता, हे मला बोलतानाही कळत होतं. शेवटी मी म्हटलं, "नहीं होता तो रहने दो. हमको और भी जगा है."

"ओके सर," तो म्हणाला. आवाज जराही चढला नाही. फोन बंद झाला.

मी पुंडलिकरावांना म्हटलं, "पाहा, दहा मिन्टांत त्याचा फोन येते."

त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "देवरावजी, त्याले जे म्हटलं, तेच तुम्ही मले दरसाली म्हणता. राहू द्या, मले दुसरे बगीचे हायत. आन् मी तुमच्या गाडीपर्यंत मांगं येतो."

"मंग?"

"मी येतो, कारण गळ माह्या बगिच्यात लागली रायते. आज गळ कोणाच्या बगिच्यात होती?"

मी ओसरीतल्या मोबाइलकडे पाहत बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. फोन आला नाही.

दोघी झाडांतून बाहेर आल्या. प्राचीच्या ओढणीला काटे अडकले होते आणि तोंड असं मोकळं झालं होतं, जसं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. "बाबा, ठरलं," ती म्हणाली. "हैदराबाद. सोनालीताईच्या जुन्या खोलीत एक पलंग रिकामा हाय. बस कुठून भेटते, तेही सांगलं ताईनं. आता कळवून टाकतो."

तिने मोबाइल हातात घेतला. मेल आधीच आलेली होती. आपल्या वेळेबद्दल आभार, जागा दुसऱ्या उमेदवाराला देत आहोत. तिने ती दोनदा वाचली, मग आलेल्या फोनची यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही उचलला?"

"हाव."

"काय म्हटलं त्याले?"

मी सांगितलं. खोटं बोललो नाही. तिने त्याला फोन लावला, बाजूला जाऊन दोन मिनिटं बोलली, आणि परत आली. "भरली जागा," म्हणाली. "त्याच्या यादीत अजून चाळीस पोट्टे होते. मीच वर होती."

सोनालीने चहा आणला. कोणीच प्यायलं नाही. पुंडलिकराव उठून उगीचच मोटर पाहायला गेले. त्या दिवशी बगिच्याचा सौदा झाला नाही, मी काढलाच नाही.

परतीचा रस्ता आर्वीवरून वर्ध्याकडे. आर्वीला दिवे लागले होते. बाजारात केळीवाला हातगाडी आवरत होता. मी विचारलं, "काही खातं काय?" ती म्हणाली, "नाई." आर्वी मागे पडल्यावर ती स्वतःहून बोलली, आणि तो आवाज भांडणाचा नव्हता. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बाबा, तुम्हाले वाटलं आपण घेणारे हाओ. आपण इकणारे होतो. तेही एकच फळ घेऊन बसलेले."

"मी तुह्या भल्यासाठीच..."

"मले माहीत हाय. म्हणून तर काही बोलता येत नाई."

त्या अंधारलेल्या रस्त्यावर मला माझी सहा वर्षं आठवली. पुंडलिकराव मागे मागे येत, मी काच वर करत. गळ लागलेल्या माणसाला किती वेळ उभं ठेवायचं, याचा मला पक्का अंदाज होता. त्या बाजूला उभं राहिल्यावर काय वाटतं, हे टोपली सुटल्यापासून मी विसरून गेलो होतो. पुण्याच्या कंपनीवरचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण हैदराबादचं काम तिने घालवलं नाही. ते मी घालवलं. लोक मुलांसाठी शहर निवडताना खोलीचं भाडं विचारतात, पाणी विचारतात, रात्री बस असते का ते विचारतात. मीही तेच विचारत फिरलो. कोणत्या शहरात माझ्या मुलीला हो म्हणणारा एक माणूस आहे, हा एकच प्रश्न होता, आणि तो माणूस फोनवर आला तेव्हा मी त्याला चालतं केलं.

आठवडाभराने प्राची हैदराबादला निघाली. नोकरी नाही, फक्त तो रिकामा पलंग. मी सोबत येतो म्हटलं. ती म्हणाली, "नका येऊ. तुम्ही खोलीच्या मालकिणीसंग भांडसान, मंग तो पलंगही जाईन." तिच्या आईला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आई घरीच थांबली.

सकाळी चौरस्त्यावर बसची वाट पाहत आणखी एक मुलगा उभा होता, समुद्रपूरकडचा, तशीच मोठी बॅग, सोबत बाप. भाजीपाला पिकवणारा माणूस असावा, नखांत माती होती. बस आली. दोघांनी आपापल्या बॅगा ठेवल्या. प्राचीने काचेतून हात केला आणि लगेच समोर पाहायला लागली. बस हिंगणघाटच्या दिशेने गेली.

आम्ही दोघे बाप तिथेच राहिलो. त्याने विचारलं, "तुमची कोणत्या कंपनीत?"

याच चौरस्त्यावर चौदा महिने मी या प्रश्नाला काहीबाही सांगत आलो होतो. त्या दिवशी म्हटलं, "कोणत्याच नाई. शोधाले गेली."

"आमचाही," तो म्हणाला. बस गेली त्या दिशेला पाहत त्याने विचारलं, "तुम्ही तर फिरते माणूस. हैदराबाद कसं हाय हो?"

"मले माहीत नाई भाऊ," मी म्हटलं. "मी आष्टीपर्यंतच गेलतो."