चालू स्थितीत, तपासलेला नाही

माझ्या भावाचा कॅमेरा माझ्याजवळ नाही, ही गोष्ट आमच्या घरात त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत होती.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला आणि दुसऱ्या सुट्टीला आला तो गळ्यात कॅमेरा अडकवूनच. युनिटमधल्या एका वरिष्ठाकडून घेतलेला, जुनाच, रोलचा. वरचा पत्रा चांदीसारखा, खालचं अंग काळं. हातात घेतला की मनगटाला वजन कळायचं. आमचं शेत कडेगावला. उसाला पाणी चालू असलं की आम्ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसायचो आणि तो मला शिकवायचा. "आक्का, मधी चित्राचं दोन तुकडं दिसत्यात न्हवं? ही कडी फिरीव. तुकडं जुळलं की मगच दाब."

त्याला स्वतःला फोटो काढण्यापेक्षा काढून घेण्याची हौस जास्त. सुट्टी संपली की कॅमेरा माझ्याकडे ठेवून जायचा. मी तेव्हा डीएड करत होते. छत्तीस फोटोंचा एक रोल सहा-सहा महिने पुरवायचे. आई चुलीपुढं, आबा बैलांना पाणी दाखवताना, शेजारच्या काकी नवं लुगडं नेसून. रोल धुवायला विट्याला द्यायचा आणि आठ दिवस वाट बघायची. त्या आठ दिवसांत मला काही सुचायचं नाही. आयुष्यात तेवढं एकच काम मी कुणी न सांगता केलं.

लग्न होऊन रहिमतपूरला आले तेव्हा त्यानं कॅमेरा माझ्या बॅगेत ठेवला. म्हणाला, "आता तिकडचंबी काढ, आन् माहेरला आलीस की हितलं काढ. मी काय बारा म्हैनं हितं असणार न्हाई."

दुसऱ्याच वर्षी माझे दीर मित्रांबरोबर महाबळेश्वरला जाताना तो मागून घेऊन गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. "जीपमध्ये राहिला बहुतेक, वहिनी." एवढंच. मी नवी सून. काय बोलणार? आमचे हे म्हणाले, "वस्तूच ती. घेऊ दुसरा." घ्यायचा राहिला.

त्या दिवाळीत भावाचा फोन आला. शेजारच्यांकडे फोन होता, तिथं सगळे ऐकत उभे. त्यानं विचारलं, "कॅमेरा बरा हाय न्हवं?" मी म्हटलं, "हाय की. कपाटात हाय." खोटं बोलले ते एवढंच. वाटलं, समोर आला की सांगू. समोर आला तो पुढच्या वर्षीच्या भाऊबीजेला, अर्ध्या दिवसासाठी. ओवाळताना त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि जीभ उचलली नाही. पुढं मोबाईल आले, रोलचे कॅमेरे माळ्यावर गेले, कुणी विचारेनासं झालं.

आणि मग गेल्या दिवाळीत परत फोन. "आक्का, मार्चला सुटतोय बघ. आता कायमचा घरी. कॅमेरा काढून ठेव. रोल परत मिळाय लागल्यात म्हणं. पोरीला लय नाद लागलाय त्याचा."

मी म्हटलं, "व्हय, ठेवते."

पुण्याला असलेल्या मुलीला मी फोनवर सगळं सांगितलं. तिला हसू आलं आधी, मग माझा आवाज ऐकून ती त्या रविवारी घरी आली. तिनं माझ्या मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या लिलावाचं ॲप टाकून दिलं. "आई, तसलाच मिळेल. हजारोंनी बनलेली वस्तू ती."

तसलाच होताही. पहिल्यांदा त्या पडद्यावर तो दिसला तेव्हा मी शाळेच्या पायरीवर बसले होते. तोच चांदीचा पत्रा, लेन्सच्या कडेनं तीच हिरव्या आकड्यांची ओळ. कुणाच्या तरी टेबलावर, कुठल्या तरी गावात. मी बोली लावली. तीन दिवस माझी बोली सगळ्यांत वर होती. लिलाव संपायची वेळ होती दुपारची, चार वाजून दहा मिनिटं. मी तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते. शाळा सुटल्यावर बघितलं, तर शेवटच्या मिनिटाला कुणीतरी येऊन तो घेऊन गेलेला.

मुलगी म्हणाली, "तिथं असंच असतं आई. सगळे शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसतात."

लहानपणी एकदा आबांबरोबर सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे बघितले होते. व्यापारी पोत्यात हात घालून हळकुंड काढायचा, मोडून बघायचा, वास घ्यायचा, मग रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा. भाव झाकलेला, पण माल उघडा. इथं उलटं. भाव सगळ्या जगाला दिसतोय आणि मालाला हात लावता येत नाही.

दुसरा कॅमेरा मला मिळाला. वर्णनात लिहिलं होतं, 'चालू स्थितीत. रोल नसल्यामुळे तपासलेला नाही.' ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी कशी राहू शकतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. पार्सल आलं, मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून विळीनं पट्ट्या कापल्या. हातात घेतला. वजन तेच. डोळ्याला लावला तर समोर धुकं. साताऱ्याला एक जुने दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी लेन्स उजेडाकडं धरली आणि मला आत बघायला लावलं. काचेच्या पोटात पांढरे धागे पसरले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे.

"बुरशी आहे बाई. आणि आतला पडदाबी जाम झालाय. कितीला घेतला?"

मी आकडा सांगितला नाही. विकणाऱ्याला लिहिलं, तर उत्तर आलं, 'फोटोत दिसत होतं.' फोटो मोठा करून करून बघितला. दिसत नव्हतं. कंपनीकडे तक्रार केली, तर तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे असा निरोप आला आणि पुढं काहीच नाही.

तिसऱ्या वेळी पार्सल इतकं हलकं होतं की उघडायच्या आधीच कळलं. नुसती चामड्याची पिशवी. फोटोत पिशवीत कॅमेरा होता, पण विकायला काढली होती ती पिशवीच. तसं बारीक अक्षरात लिहिलंही होतं. आमचे हे ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "माझ्या भावानं हरवला. खरं तर मीच तुझ्या भावाला तेव्हा सांगायला पाहिजे होतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हा विषय काढला. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि चहा टाकला.

चौथा सांगलीचा. घडी घातलेल्या चौकड्याच्या चादरीवर ठेवलेला, उजेडात काढलेले स्वच्छ फोटो, लेन्सच्या आतलाही एक. मी बोली लावली आणि लिलाव संपायच्या आदल्या दिवशी तो यादीतून गायब झाला. पंधरा दिवसांनी परत दिसला. त्या वेळी मी सुट्टी टाकली, मोबाईल हातात धरून बसले आणि जिंकले. तासाभरात निरोप आला, विकणाऱ्यानं व्यवहार रद्द केला आहे. मला रडूच आलं. मी रागानं लिहिलं, 'विकायचा नसेल तर मांडता कशाला?' दोन दिवसांनी उत्तर आलं, 'आई म्हणते, येऊन बघून जा.' खाली पत्ता.

पॅसेंजरनं सांगलीला गेले. स्टेशनवरून रिक्षा केली. पेठेच्या मागच्या अंगाला एका जुन्या चाळीवजा घरात, वरच्या मजल्यावर, साठी उलटलेल्या एक बाई होत्या. माहेर कर्नाटकात अथणीकडचं, ते बोलण्यातच कळलं. मुलगा परदेशात, तोच तिथून ॲपवर कॅमेरा मांडायचा.

"मीच त्याला परत तितनं काढून टाकाय लावते," त्या म्हणाल्या. "मालकांचा कॅमेरा हा. ते गेले दोन वर्षं झाली. पोरगा म्हणतो, वस्तू पडून खराब होतीय, ज्याला पाहिजे त्याला जाऊ दे. खरं हाय त्याचं. पर ती बोली चढाय लागली की मला कसंतरी होतंय बघा. सगळी माणसं माझ्या घरात डोकावून बघायल्यात असं वाटतंय."

त्यांनी कपाटातून कॅमेरा आणला. पदरानं पुसून माझ्या हातात दिला. मी डोळ्याला लावला. खिडकीत त्या उभ्या होत्या. मधोमध त्यांच्या चेहऱ्याचे दोन तुकडे दिसले. माझ्या बोटांनी न विचारता कडी फिरवली आणि तुकडे जुळले. चोवीस-पंचवीस वर्षांनी. मला कॅमेरा खाली घ्यावासा वाटेना.

"तुमी फोटोवाल्या हाय काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. मास्तरीण आहे." आणि मग का कोण जाणे, त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगितलं. दीर, जीप, शेजारच्यांचा फोन, कपाटात आहे म्हणाले ते.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे हा नेऊन तुमी भावाला म्हणणार, हाच तो."

हेच मी म्हणणार होते, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते वाक्य फार वाईट वाटलं. मी कॅमेरा कॉटवरच्या त्याच चौकड्याच्या चादरीवर ठेवला.

"मी देईन," त्या म्हणाल्या. "पर आज न्हाई हो. आज मन हुईना."

"असू द्या," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. त्यांनी मला शेवेची वाटी खायला लावली, खालच्या जिन्यापर्यंत सोडायला आल्या. परतीच्या गाडीत मी मोबाईल काढला नाही.

भाऊ मार्चअखेर आला. आधी कडेगावला, मग चार दिवसांनी एकटाच माझ्याकडे. केस पार पिकलेले, पण चाल तीच ताठ. जेवण झालं. आमचे हे मुद्दाम बाहेर गेले. पाण्याचा तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "कॅमेरा न्हाई रं माझ्याकडं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हरवला. मी खोटं बोलले तुला."

तो पाणी प्याला. तांब्या खाली ठेवला. "दुसऱ्याच वर्षी?"

"व्हय."

"म्हंजे त्यानंतरचं काईच न्हाई?"

मला आधी कळलं नाही तो काय विचारतोय. तो उठून दारात गेला, पाठमोराच उभा राहिला. म्हणाला, "मी तिकडं युनिटात पोरांना सांगायचो, आमची आक्का समदं काढून ठेवती. आबांचं, आयचं, घराचं. मी म्हणायचो, सुटल्यावर एकदम बसून बघणार. आबा गेलं तवा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तवाबी मनात म्हटलं, आक्काकडं असत्याल फोटो."

मी पाच महिने चांदीचा पत्रा आणि हिरवे आकडे शोधत होते. त्याला कॅमेरा नकोच होता.

मला म्हणता आलं असतं की मोबाईल आल्यावरचे काही आहेत. पण मोबाईल आला तोवर आबा गेले होते, आणि पुढं आईही गेली, तिचे आहेत ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या लग्नातले. कॅमेरा हरवल्यानंतरचे विहिरीवरचे, चुलीपुढचे, काहीच नाही. नवा कॅमेरा मी घेऊ शकले असते कधीही. पगार माझा होता. घेतला नाही. दिरांनी हरवला तो एक कॅमेरा. बाकीची वर्षं मीच घालवली, हे मला त्याची पाठ बघताना कळलं.

तो रागावला नाही असं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पहिल्या एसटीनं गेला. महिनाभर फोन नाही. भावजयीचा यायचा, तो शेजारीच असल्याचं कळायचं, पण बोलायला येत नव्हता.

मग मे महिन्यात मी माहेरी गेले. दुपारी जेवून सगळे आडवे झाले होते. तो ओट्यावर येऊन माझ्याजवळ बसला. मग एकदम विचारलं, "आबा शेवटी शेवटी कुठं बसायचं गं?"

"हितंच. ह्या खांबाला टेकून. काठी मांडीवर आडवी."

"चष्मा?"

"दोरीनं बांधलेला. मी नवा आणलेला, तो आईनं पेटीत ठेवला. म्हणाली, पाव्हण्यांत जाताना घालू द्या."

तो हसला. पहिल्यांदा. मग विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. आईला म्हशीनं पाडलं ती कुठं पडली. आबा माझ्या पोरीला काय हाक मारायचे. त्याचं पत्र आलं की कोण वाचायचं. काही गोष्टी मला अशा आठवल्या की जणू समोर आहेत, आणि काही अगदी साध्या गोष्टी, आबा असताना आईच्या हातात किती बांगड्या असायच्या, त्या कितीही केलं तरी येईनात. तो थांबायचा, वाट बघायचा, मग पुढचं विचारायचा.

"बांधावरची चिंच कवा तोडली? आबा असताना का नंतर?"

"असताना," मी म्हटलं. "त्यांनीच तोडून घेतली."

तो मान हलवून म्हणाला, "बरं झालं. त्यांच्या माघारी तोडली आसंल आसं वाटायचं मला."

संध्याकाळच्या एसटीनं परत निघाले. गाडी त्या बांधाशेजारून वळली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. तिथं आता शेजाऱ्यांचा ऊस होता. चिंच कधी तोडली, ते मला खरोखर आठवत नव्हतं.