चालू मागांमधले बोलणे

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हे सूत्र सरांनी कार्यशाळेच्या पहिल्याच रविवारी फळ्यावर लिहिले आणि मला हायसे वाटले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी चादरींच्या रंगाचा पक्केपणा तपासण्याची नोकरी करीत होते. या नव्या प्रांतात निदान एक गोष्ट मोजता येणारी निघाली होती.

आम्ही आठ जण होतो. सहाव्या रविवारी प्रत्येकाने किमान दहा पानांची पटकथा वाचायची आणि त्यांतल्या एकीवर लघुपट होणार, असे ठरले होते. ती एक माझी असावी, याखेरीज त्या दिवसांत मला दुसरे काही नको होते. पुण्याला संशोधनासाठी अर्ज करण्याची मुदत मी तिच्यापायी जाऊ दिली होती आणि घरी ते सांगितले नव्हते.

मी पद्धतशीर सुरुवात केली. तीन पटकथा मिळवल्या, वहीत तक्ते आखले, संवाद किती आणि वर्णन किती ते मोजले. प्रत्येकीत निम्म्याहून अधिक जागा संवादांची होती, म्हणून मीही तेच प्रमाण धरले. कथा टॉवेलच्या कारखान्यातली. मुकादम एका विणकराला सांगतो की शेजारच्याला आजपासून घरी बसवले आहे. तुझ्या दोन मागांसोबत त्याचेही दोन तूच चालव. विणकर नकार देतो. नवव्या पानावर त्याचे दीड पानाचे भाषण होते आणि मला ते फार आवडत होते.

वाचनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पहिली पाळी संपवून वडील अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतून सायकलीने घरी आले. ते जन्मभर माग चालवीत आले आहेत. ते जेवत असताना मी त्यांना पटकथा वाचून दाखवली. मोठ्याने, कारण मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान आता मंद झाले आहेत. नवव्या पानावर त्यांनी हात वर केला.

"हा एवढं बोलतोय, तवा माग बंद हायेत काय?"

"नाही अण्णा, चालू आहेत. सगळे."

"मग ऐकलं कुणी?"

लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी कितीदा त्या शेडमध्ये गेले होते. आत पाऊल टाकले की हाक मारायची नसते, समोर जाऊन हात हलवायचा असतो, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होते. तरीही मी चाळीस चालू मागांच्या मधोमध एका माणसाला दीड पान बोलायला लावले होते.

"लई शिकलीस की," अण्णा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

"मग तो सांगणार कसं?"

त्यांनी ओल्या हातानेच दाखवले. मूठ पाना फिरवल्यासारखी वळवली की मेकॅनिकला बोलवा. आकड्यासारखी एकमेकांत अडकवलेली दोन बोटे झटक्यात सोडवली की दोरा तुटला. चार बोटे वर धरली की चार माग.

"आणि नाही म्हणायचं असेल तर?"

"दोनच बोटं दाखवायची. त्यात काय अवघड हाय?"

संध्याकाळपर्यंत मी संवादांवर काट मारीत राहिले. बारा पानांची पाच झाली. नियम दहाचा होता. काढलेले भाषण परत घालावे, असे दोनदा मनात आले. दोन्ही वेळा अण्णांचा प्रश्न आडवा आला.

रविवारी सरांनी पाने मोजली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मॅडम, निम्मी पटकथा घरी विसरलात का?"

मागच्या बाकांवर हसू उमटले.

"सर, प्रसंग करून दाखवते. कुणीतरी घड्याळ लावा."

मी उभी राहिले. मुकादमाची चार बोटे, विणकराची दोन, पुन्हा चार, पुन्हा दोन. घरी बसवलेला शेजारी डबा घेऊन दाराशी थांबलेला. तो तळहाताने खुणावतो, घे, चालव. मग माग थांबतो. साडेदहा मिनिटे लागली. सूत्र बोलक्या पानांसाठी होते; ज्या पानावर माणसे नुसती वाट पाहतात, ते दुप्पट वेळ खाते.

सर खूश झाले नाहीत. "हे प्रेक्षकाला कळणार कसं? मागून निवेदन घाला, एक आवाज खुणांचा अर्थ सांगेल. ते मान्य असेल तर विचार करू, नाहीतर पुढची पटकथा घेऊ."

हो म्हणणे सोपे होते. मी वहीचे पान फाडून सात चिठ्ठ्या केल्या आणि सातही जणांना, काय घडले ते एका वाक्यात लिहायला सांगितले. पाच जणांनी बरोबर लिहिले. दोघांनी लिहिले: त्याचा माग बिघडला.

"बघा," सर म्हणाले.

त्या दोन चिठ्ठ्यांकडे मी बघत राहिले. चूक पाहणाऱ्यांची नव्हती. 'माग थांबतो' एवढेच मी लिहिले होते. माग आपोआपही थांबतो. दोरा तुटला तरी थांबतो. कोणाचा हात कुठे गेला, हे पानावर नव्हते, म्हणून मी करून दाखवलेही नव्हते.

"दहा मिनिटं द्या, सर."

बाकावर वाकून मी ती ओळ खोडली आणि नवीन लिहिली: विणकर पहिल्या मागाचा दांडा ओढतो. मुकादमाकडे बघतो. मग वळून, चांगला चाललेला दुसरा मागही बंद करतो. नंतर त्याच दोघांसमोर जाऊन मी ते करून दाखवले, शब्द न उच्चारता.

त्यांपैकी एक, बँकेत काम करणारे गृहस्थ, म्हणाले, "अच्छा. म्हणजे तो चार तर नाहीच, आपले दोनही चालवणार नाही."

दुसरीने मान डोलावली.

सरांनी पाचही पाने पुन्हा उलटली. त्यांनी निवेदनाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. उरलेल्या पटकथांचा गठ्ठा त्यांनी बाजूला सारला आणि विचारले, "चालू मागांसकट शेड कुठे मिळेल?"

"वडिलांना विचारावं लागेल," मी म्हणाले. त्यांना आणखीही एक गोष्ट सांगावी लागणार होती, पुण्याच्या अर्जाची.