दुपारपाळीतली दुसरी सिस्टर

१२ मार्च, बुधवार, दुपारी चार वाजून पाच मिनिटे. ही वेळ मी स्वतः नोंदवली आहे, त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास आहे... पुढे जे घडले त्यावर अजूनही बसत नाही. मी संख्याशास्त्र शिकलेली. जे मोजता येत नाही, ते माझ्या लेखी नसतेच.

धाराशिवमधील एका खासगी रुग्णालयाने मला प्रश्न दिला होता : चोवीस खाटांच्या वॉर्डाला दुपारपाळीत दोन परिचारिका हव्यात, की एक पुरते? चाचणी म्हणून कंत्राटी सिस्टर अश्विनीला सोमवारपासून घरी बसवले होते. उरलेल्या कालिंदी सिस्टरांनी एकटीने काम निभावले, तर अश्विनीची नोकरी जाणार — आणि ते माझ्या नोंदींवर ठरणार.

मी दारात स्टुलावर, हातात स्टॉपवॉच. चारपासून कालिंदी सिस्टर तीन नंबरच्या खाटेशी सलाईन लावत होत्या. माझी नजर त्यांच्यावरून हलली नाही. अठरा ते एकवीस नंबरच्या खाटांचा ताप बघायचा राहिला, असे मी लिहिले आणि तपासायला गेले.

चारही तक्ते भरलेले. वेळ — चार.

"सिस्टर, आकडे अंदाजे भरलेत का तुम्ही?"

"पाणी प्यायला सवड न्हाय, मॅडम. अंदाज कवा करू?"

अठरा नंबरच्या आजी त्याच सकाळी दाखल झाल्या होत्या. त्यांचा ताप मी मोजला : १०१.४. तक्त्यातही तोच. कपाळावरची ओली पट्टी अजून गार होती.

"ती दुसरी सिस्टर ठेवून गेली की आत्ता," आजी म्हणाल्या. "लई मायाळू पोरगी. तू न्हाय बघितलं व्हय? दारातच तर बसलीस!"

कालिंदी सिस्टरांनी तक्त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे पेन्सिलीने लिहिले होते : 'अर्धी भाकरी खाल्ली.'

"हे अश्विनीचंच. हितं भाकरी लिहिणारं दुसरं हाय कोण?"

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. अश्विनी तेर गावी, घरच्या ओसरीवर, विस्कटलेल्या केसांनी.

"डोळा लागला होता, मॅडम. सपनातबी वॉर्डच... अठराच्या आजीचा ताप उतरला का ओ?"

आजी फोनकडे बघून म्हणाल्या, "हीच की!"

याचे स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. पण त्या क्षणी पेच वेगळाच होता. सगळे काम वेळेत झाले होते. म्हणजे कागदावर एकच परिचारिका पुरेशी ठरत होती. आणि तेवढे मात्र खोटे होते.

एक रकाना भरायचा उरला होता.

कामावर हजर परिचारिका : २