मामांचा कोमट बर्फ

आमच्या मामांनी एकदा शब्द दिला की तो खरा करण्याची जबाबदारी निसर्गावर येते. फौजेतून कडेगावला परतून त्यांना कैक वर्षं झाली, पण शिस्त सुटलेली नाही. शर्टाला ते इस्त्री करत नाहीत. गादीखाली घालून त्यावर झोपतात. ट्रंक भरली की वर बसतात आणि म्हणतात, "जागा नसती असं न्हाई, दाब कमी पडतो." आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. मला सांगलीच्या कॉलेजात घालायचं त्यांनीच ठरवलं आणि माझ्या वडिलांवर तसाच दाब टाकून ते पार पाडलं.

पुढे मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाण्यावर काम करू लागले. मुठीएवढ्या यंत्रात, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पाण्याचा बारीक थेंब धरायचा आणि स्क्रू आवळत जायचं. दाब हवेच्या दहा हजार पटीच्या आसपास गेला की पाणी थंड न करताच गोठतं. आणखी बराच वाढवला तर तो बर्फही आतली मांडणी बदलून निराळाच बर्फ होतो. हे ऐकून मामा खूश झाले. "म्हंजे ट्रंकच की! घड्या बदलल्या की जास्त मावतंय." लगेच चौकातल्या रसवंतीवर जाऊन त्यांनी जाहीर केलं, की भाची कोमट बर्फ करते.

"मग तिला हितंच बशीव की, फौजी," रसवंतीवाला म्हणाला. "उसासंगं पाणीबी पिळंल!"

सगळा चौक हसला. मामा म्हणाले, "आणून दावतो. न्हाई दावला तर परत या चौकात पाय ठेवायचा न्हाई."

रविवारी ते प्रयोगशाळेच्या दारात हजर. खांद्याला थर्मास. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला बराच वेळ डोळा लावला, "व्हय, हाय," म्हणाले आणि थर्मासचं झाकण उघडलं. "घाल यात."

"मामा, दाब सोडला की त्याचं पाणी होतं."

"मग सोडू नगंस."

एवढं सोपं होतं ते! सरांची परवानगी काढून, न सोडलेलं यंत्र आणि एक छोटा सूक्ष्मदर्शक घेऊन आम्ही एसटीत बसलो. मामांनी यंत्र कडेगावपर्यंत मांडीवरून हलू दिलं नाही. भर उन्हात रसवंतीच्या टेबलावर सगळं मांडलं. रसवंतीवाल्यानं एक डोळा मिटून पाहिलं, यंत्राला बोट लावलं. "आयला, खडा हाय रं आत! आन गार न्हाई लागत!" मग चौकात रांगच लागली. मामा रांग सरळ करत होते.

संध्याकाळी मामी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "त्यास्नी कुठलं दिसतंय, बाय? बर्फावरच्या चौकीत डोळं अधू झाल्यात. घड्याळाचा काटा दिसत न्हाई."

मी बाहेर आले. मामा ओट्यावर शेजाऱ्याला बर्फाचं वर्णन सांगत होते. त्यानं रंग विचारला, तसे ते अडखळले आणि माझ्याकडे वळले.

"रंग नसतो, मामा. काचेसारखा."

"काचेसारखा," त्यांनी ठणकावलं. शेजारी उठून गेल्यावर हळूच मला म्हणाले, "लय झकास दिसत असंल, न्हाई?"