पाचव्या टाकीचं पाणी

आमचा धाकटा म्हणजे लाखात एक माणूस. शाळा सहावीतच सुटली, पण औषधाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्यांवर त्याच्या तोडीचा जाणकार दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. पोहायला थोरल्या भावानंच शिकवलेलं, मग पाणी कळणारच.

कारखान्याचं घाण पाणी चार टाक्या फिरून पाचवीत यायचं आणि तिथून नाल्यात. पाचवीत मासे सोडलेले. मासे जगले म्हणजे पाणी चांगलं, एवढं साधं. धाकट्याचे मासे बारा वर्षांत कधी आजारी पडले नाहीत. अंगावर बुरशी नाही, शेपूट झडलेली नाही. वर्षातून एकदा तपासणी व्हायची, नाल्याकाठचे लोक जमायचे आणि धाकटा सगळ्यांदेखत त्या टाकीतलं ग्लासभर पाणी घटाघटा प्यायचा. लोक निर्धास्त घरी जायचे. विहिरी सगळ्यांच्या नाल्यालगतच. आईचीही.

यंदा आईच्या पायाला पत्रा लागला. जखम एवढीशी, पण दोन महिने भरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू या औषधाला सरावलेत, आजी. खूप घेतलंय का पूर्वी?"

"मी? डोकं दुखलं तरी गोळी गिळत नाही मी."

सोबत आलेल्या धाकट्यानं चिठ्ठीवरचं औषधाचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. कारखान्यातल्या प्रत्येक पिंपावर तेच नाव होतं. मासे आजारी का पडत नाहीत, ते त्याला तिथंच बाकावर कळलं.

तो मॅनेजरकडे गेला.

"मासे मेले का?"

"नाही साहेब. म्हणूनच तर आलो."

"बारा वर्षं तूच प्यालास ना? कुणी हात धरला होता का तुझा?"

घरी आईला म्हणाला, विहिरीचं पिऊ नकोस. आई हसली. "स्वतः टाकीतलं पितोस आणि मला विहिरीचं नको म्हणतोस? शहाणाच आहेस."

बायको म्हणाली, "यंदा पिऊ नका."

"नाही प्यालो तर लोक विचारतील, इतकी वर्षं आम्हाला का फसवलंस."

"आणि प्यालात तर?"



तपासणीच्या दिवशी थोरल्यानं आईला स्कूटरवरून आणलं, पायाला पट्टी बांधलेली. पुढे खुर्ची टाकून बसवलं. येईल त्याला सांगत होता, "भाऊ आहे माझा."

धाकट्यानं ग्लास भरला, एक मोठा घोट घेतला आणि तोंडातच धरला. पंपघराच्या मागे जाऊन थुंकायचं ठरवलं होतं. वीस पावलं.

"ए धाकट्या, निघालास कुठं?" थोरला ओरडला. "सांग की लोकांना, कसं आहे पाणी!"

सगळे हसत वाट बघत राहिले. धाकट्यानं गिळलं.

"गोड आहे."

"मग आण इकडे," आई म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. "घसा सुकलाय माझा."

ग्लासात अजून निम्म्याहून जास्त पाणी होतं. धाकट्यानं तो तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला आणि उलटा करून दाखवला.

"संपलं, आई."

पहिली टाळी थोरल्याची पडली.