विसावा कुणाला

आमच्याकडे भाताच्या चिखलणीला बैल मागायला कुणी आलं की माझे वडील, आबा, नाही म्हणत नसत. पण दावं हातात देताना बजावून सांगत: दुपारी जू काढायचं, बैल सावलीला इसावू द्यायचा, धाप बसल्यावरच पाणी दाखवायचं. एकाने घाईत हे पाळलं नाही, तर पुढच्या वर्षी आबांनी त्याला बैल दिला नाही. सगळ्या वाडीची हीच रीत.

'इसावणं' मी बैलांमुळे शिकले. शाळेत त्याचं 'विसावणे' झालं. आता मी भोरला कॉलेजात मराठी शिकवते आणि हे क्रियापद फळ्यावर चालवून दाखवते. मी विसावते, तू विसावतोस, ती विसावते. 'ती'च्या जागी मला घरातलं कुणी कधी आठवलं नाही.

गेल्या वर्षी आईची पिशवी काढली. डॉक्टरांनी आबांच्या देखत सांगितलं, दीड महिना चुलीपुढे बसायचं नाही, वजन उचलायचं नाही, टाके उसवतील. आबांनी मान डोलावली. पंधराव्या दिवशी, रविवारी, मी पानशेतच्या वरच्या अंगाला आमच्या घरी गेले, तर अंगणात तीन मोटारी. आबा सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या लोकांना पैसे घेऊन जेवण देतात. ओट्यावर पंगत बसलेली आणि आत आई चुलीपुढे. भाकरी तव्यात टाकली की दोन्ही हातांनी पोट दाबून धरत होती.

पाहुण्यांतल्या एक बाई भल्या होत्या. म्हणाल्या, आम्ही दर महिन्याला इथे रिचार्ज व्हायला येतो. मी मराठी शिकवते हे कळल्यावर त्यांनी रिचार्ज होण्याला अस्सल गावाकडचा शब्द विचारला. मी सांगितला. किती गोड, असं म्हणत त्यांनी तो मोबाईलमध्ये टिपला आणि आत डोकावून आईला 'आजी' म्हणत आणखी एक गरम भाकरी मागितली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईंवर चिडून काय उपयोग, त्यांना काय माहीत. मी आबांना गोठ्याकडे नेलं आणि डॉक्टर काय म्हणाले होते ते विचारलं.

"तिनं कवा सांगितलंच न्हाई, दमले म्हून," आबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"बैल सांगतो का, आबा?"

आत जाऊन आईला चुलीपुढून उठवलं. मी पीठ मळायला बसले, उरलेल्या भाकरी वेड्यावाकड्या थापल्या, आणि संध्याकाळी आईला गाडीत घालून भोरला आणलं. वाटेत ती दोनदा म्हणाली, पावनं उपाशी गेलं असतं गं. मी तिच्यावरही खेकसले. माझ्या घरी महिनाभर पाण्याच्या तांब्यालाही हात लावायचा नाही, असं दरडावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर तपासत बसले होते. बाजूला चहा आला. लाल पेन न थांबवता मी तो पिऊन टाकला. कप खाली ठेवल्यावर मान वर केली, तर आई भिंतीला टेकून, पोट दाबून उभी होती. साखर बरोबर पडलीया का, असं विचारत होती.

घरात आई आणि मी, दुसरं कुणीच नव्हतं. कुणावर ओरडणार होते मी?